कुलूप म्हणजे वेळ

गावाला निघताना आपण कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो नि निर्धास्त होतो. १८५१ पर्यंत इंग्रजही असेच निर्धास्त होते! ब्रामा कंपनीने तर लंडनच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत कुलूप मांडून, उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं होतं. त्या वर्षी भव्य प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने चबचं नावाजलेलं ‘डिटेक्टर’ कुलूप २५ मिनिटांत उघडलं. ब्रामाला मात्र १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. लोक हादरले.

मला यात दिलासाच दिसतो. भर वस्तीत चोराला ५१ तास कोण देतं? कुलूप चोराला कायमचं अडवत नाही, त्याचा वेळ खातं. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष जायला हवं. तेव्हा मंडळी, सुट्टीवर निघताना शेजारच्या काकूंना जरूर सांगा!