दागिना घडण्यापूर्वीचा ग्रंथ

सराफाच्या पेढीवर आपण सोन्याचा कस, वजन आणि घडणावळ यांची कसून चौकशी करतो. परंतु ही नक्षी कारागिराला सुचली कोठून, हे सहसा विचारीत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर पॅरिसमधील लुई कार्तिए यांच्या ग्रंथसंग्रहात सापडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी लुई कार्तिए यांनी इराणी व मुघल लघुचित्रे, हस्तलिखिते आणि अलंकरणावरील ग्रंथ जमविले. हा संग्रह केवळ धनिकाची हौस नव्हती. पेढीवरील शार्ल जाको यांच्यासारख्या आरेखनकारांना तो अभ्यासासाठी खुला होता. ग्रंथाच्या बांधणीवरील एखादी पानवेल किंवा विटांच्या भिंतीवरील भौमितिक रचना पुढे हिऱ्यामाणकांत उतरे.

त्या ग्रंथांपैकी एक म्हणजे ओवेन जोन्स यांचा ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ (१८५६). १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात अंतर्भागाची रंगयोजना जोन्स यांच्याकडे होती. तेथे आलेल्या हिंदुस्थानी वस्तूंनी ते भारावून गेले आणि त्यांतील नक्षीला त्यांनी आपल्या शंभर रंगीत चित्रपृष्ठांत मानाचे स्थान दिले. विशेष असे की, नक्कल करण्याच्या प्रवृत्तीस आळा बसावा, हाच त्यांचा हेतू होता. पूर्वजांची तत्त्वे आपली, त्यांची फलिते मात्र आपली नव्हेत, असे त्यांचे प्रतिपादन. निसर्गातील फूल जसेच्या तसे न उतरविता त्याचा आकारभाव घ्यावा, हेही त्यांनी बजावले.

हे वाचताना आपल्या बोरमाळेची आठवण होते. तिचा मणी हुबेहूब बोर नव्हे, तरी त्याला बोरच म्हणावेसे वाटते. जोंधळी पोत आणि बकुळहार यांचेही तेच. आमच्या सोनाराने जोन्स वाचला नव्हता. त्याचे ठसे हाच त्याचा ग्रंथ, आणि तो बापाकडून मुलाकडे जाई.

येथे एक गोष्ट मनाला टोचते. जोन्स यांच्या पानांवर नक्षी आहे, पण ती घडविणाऱ्या हिंदुस्थानी कारागिरांची नावे नाहीत. हीच नक्षी ग्रंथांतून पॅरिसला पोहोचली. १९११ साली लुई यांचे बंधू जाक हिंदुस्थानात आले. पानाफुलांच्या आकारात कोरलेले पाचू व माणके येथून नेऊन पेढीने आपले गाजलेले रंगीबेरंगी दागिने घडविले. उलट दिशेने पतियाळाच्या महाराजांनी १९२५ मध्ये आपले जडजवाहीर नव्या घडणीसाठी पॅरिसला धाडले.

२०२१ साली पॅरिसच्या एका संग्रहालयात हे ग्रंथ आणि दागिने शेजारीशेजारी मांडण्यात आले. कोणत्या पानावरून कोणता दागिना निघाला, हे प्रेक्षकांना तेथे पाहता आले. त्या पानावरची नक्षी मुळात कोणाच्या हातची, हे सांगणारी पाटी मात्र कोणाला लिहिता येण्याजोगी नव्हती.