मुखारोग्यासाठी हिराबोळ : गुण आणि मर्यादा

दाढ दुखू लागली की लवंगेचे तेल आणि हिरड्या सुजल्या की मिठाच्या पाण्याची चूळ, हे उपाय घरोघरी ठाऊक आहेत. त्या मानाने हिराबोळ शहरी घरांतून विस्मरणात गेला आहे. मुखरोगांवर मात्र तो अनेक संस्कृतींत शतकानुशतके वापरला गेला.

हिराबोळ म्हणजे कॉमिफोरा प्रजातीच्या काटेरी वृक्षाच्या सालीतून पाझरून सुकलेला, तांबूस-तपकिरी, कडवट व सुगंधी राळयुक्त डिंक होय. हे वृक्ष सोमालिया, इथिओपिया आणि अरबस्तानाच्या दक्षिण भागातील रुक्ष प्रदेशात वाढतात. आपल्याकडील गुग्गुळ याच प्रजातीतला. एकोणिसाव्या शतकात एडनमार्गे येणारा हिराबोळ मुंबईत निवडला जाई व येथूनच युरोपला रवाना होई. बाजारात मिळणारा काळा बोळ मात्र वेगळा; तो कोरफडीचा वाळवलेला रस असतो. खरेदी करताना ही गफलत टाळावी.

जंतूंवर परिणाम कसा होतो?

हिराबोळात पाण्यात विरघळणारा डिंक, मद्यार्कात विरघळणारी राळ आणि उडनशील तेल असे तीन घटक असतात. जंतुनाशक गुण प्रामुख्याने राळ व तेल यांत असल्याने औषधासाठी त्याचा मद्यार्कातील अर्क काढतात. तेलातील टर्पीन वर्गाची द्रव्ये जंतूंच्या पेशीभोवतीच्या स्निग्ध आवरणात शिरून ते विस्कळीत करतात. इटलीतील फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये हिराबोळातील द्रव्यांचा वेदनाशामक परिणाम उंदरांवर दाखवला. २००० मध्ये त्यांनी जंतू व बुरशी यांच्यावरील परिणामही नोंदवला. तोंडात पांढरा थर आणणारी कॅन्डिडा ही बुरशी त्यांत होती.

युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २०११ मध्ये तोंडातील किरकोळ व्रण व हिरड्यांची सूज यांसाठी हिराबोळाच्या अर्काचा वापर ग्राह्य मानला. ही मान्यता दीर्घकालीन परंपरागत वापरावर आधारलेली आहे, रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांवर नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे.

मर्यादा कोठे?

प्रयोगशाळेतील काचपात्रात जंतू सुटे असतात; दातांवर ते चिकट थर करून राहतात. या थरात औषध सहज झिरपत नाही. थर कडक होऊन त्याचे कीटण बनले की कोणतीही गुळणी ते विरघळवू शकत नाही. हिरडी आणि दात यांमधील खोल फटीत दडलेल्या जंतूंपर्यंत तर चूळ पोहोचतच नाही. अशा वेळी सूज ओसरली, रक्त थांबले म्हणून रुग्ण निश्चिंत होतो आणि आत दाताचे हाड झिजत राहते. दात हलू लागेपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो.

म्हणून ब्रशने दात घासणे आणि दंतवैद्याकडून कीटण काढून घेणे यांना हिराबोळ पर्याय ठरत नाही. तो पूरक आहे.

वापरताना

औषधी प्रतीच्या तयार अर्काचे ५ ते १० थेंब पेलाभर पाण्यात टाकून दिवसातून दोन-तीन वेळा चूळ भरण्याची पद्धत जर्मनीत रूढ आहे. चूळ गिळू नये. शुद्ध तेल थेट हिरडीला लावल्यास दाह होऊ शकतो. अर्कात मद्यार्क असल्याने लहान मुलांना तो देऊ नये; गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये.

तंबाखू किंवा मशेरीची सवय असणाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा किंवा तोंड उघडण्यास होणारा त्रास ही कर्करोगाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी चुळा भरत दिवस न दवडता त्वरित तपासणी करून घ्यावी. वेळीच झालेल्या निदानाने प्राण वाचू शकतात.