चौकटीकडे पाहणारे तीन प्रेक्षक

हॉस्टेलवर एका रात्री आम्ही सात-आठ जणांनी एकाच लॅपटॉपवर 'डरना मना है' पाहिला. सिनेमा २००३ सालचा, म्हणजे आमच्या लहानपणचा. तो संपल्यावर जी चर्चा झाली ती तुम्हीही कधीतरी केली असेलच. स्वस्त सफरचंदांची गोष्ट भारी की सिगरेट ओढू न देणाऱ्या हॉटेलवाल्याची? कुठली फालतू? कुठली काढून टाकली असती तर चाललं असतं? गाडी बंद पडल्यामुळे जंगलात शेकोटीभोवती बसून या गोष्टी एकमेकांना सांगणाऱ्या मित्रांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. ते म्हणजे नुसती दोरी, जिच्यावर कपडे वाळत घालायचे.

अनेक भयकथा एकत्र गुंफलेल्या सिनेमांबद्दल प्रेक्षकांचं मत बहुतेक असंच बनतं. गोष्टींना गुण द्यायचे, त्यांची क्रमवारी लावायची आणि सरासरी काढायची. याला मला माहीत असलेला सगळ्यात मोठा अपवाद म्हणजे केंब्रिजमधले तीन प्रेक्षक. १९४६-४७च्या सुमारास ते एक भयपट पाहून बाहेर पडले आणि बोलू लागले ते गोष्टींबद्दल नव्हे, चौकटीबद्दल. त्या बोलण्यातून, निदान त्यांच्या सांगण्यानुसार, विश्वाबद्दलचा एक सिद्धांत निघाला. पुढे तो चुकीचा ठरला. पण एका मराठी माणसाच्या आयुष्याला त्याने दिशा दिली, म्हणून ही हकिगत आपल्याही जवळची आहे.

सिनेमाचं नाव 'डेड ऑफ नाइट'. लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा. निर्माता मायकल बाल्कन. दिग्दर्शक चार: अल्बर्टो कॅव्हलकान्ती, बेसिल डिअर्डन, रॉबर्ट हॅमर आणि चार्ल्स क्रायटन. सप्टेंबर १९४५मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर लगेचच, तो लंडनमध्ये लागला. ब्रिटनमध्ये तेव्हा भयपटांसाठी 'एच' नावाचं वेगळं प्रमाणपत्र असे, आणि १९४२पासून सेन्सॉर मंडळाने अशा सिनेमांना परवानगी देणंच थांबवलं होतं. लोक खऱ्याखुऱ्या बॉम्बहल्ल्यांत तळघरात रात्री काढत असताना पडद्यावर आणखी भीती नको, असा हिशेब. ज्या प्रेक्षकांनी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला ते अशी काही वर्षं काढून आलेले होते. त्यांना घाबरवायचं म्हणजे काम सोपं नव्हतं.

वॉल्टर क्रेग नावाचा एक वास्तुविशारद गाडी चालवत एका खेड्यातल्या घराशी येतो. घराच्या दुरुस्तीचं काम आहे म्हणून त्याला बोलावलंय. घर तो प्रथमच पाहतोय, पण त्याला ते ओळखीचं वाटतं. आत गेल्यावर तो जमलेल्या पाहुण्यांना सांगतो की तुम्ही सगळे माझ्या स्वप्नात येता, तेच स्वप्न मला पुन्हा पुन्हा पडतं आणि त्याचा शेवट वाईट असतो. पाहुण्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ आहे. तो अर्थातच हे हसण्यावारी नेतो. मग एकेक पाहुणा आपापला विलक्षण अनुभव सांगू लागतो.

मोटारींच्या शर्यतीत जखमी झालेल्या माणसाला दवाखान्याच्या खिडकीतून शववाहिका दिसते, आणि तिचा चालक एक जागा शिल्लक असल्याचं सुचवतो. पुढे बसच्या कंडक्टरचा चेहरा तोच, म्हणून तो माणूस बसमध्ये चढत नाही. (ही ई. एफ. बेन्सनची कथा.) एका मुलीला नाताळच्या पार्टीत लपाछपी खेळताना रडणारा लहान मुलगा भेटतो. एका नवऱ्याला बायकोने आणलेल्या जुन्या आरशात भलतीच खोली दिसू लागते. दोन गोल्फ खेळणारे मित्र एकाच मुलीसाठी डाव लावतात आणि हरलेला भूत होऊन परततो. (ही एच. जी. वेल्सच्या कथेवरून, विनोदी.) आणि शेवटी मायकल रेडग्रेव्हने केलेला शब्दभ्रमकार, ज्याचा बाहुला हळूहळू मालकाचा मालक होतो.

आमच्या पिढीला बोलक्या बाहुल्याची भीती तात्या विंचूने घातली. 'झपाटलेला' १९९३चा, आमच्या जन्माच्या आधीचा, पण टीव्हीवर इतक्यांदा लागायचा की सगळ्यांना तोंडपाठ. तात्या विंचू मात्र चालतो, पळतो, सुरा घेऊन मागे लागतो. रेडग्रेव्हचा ह्यूगो बराच वेळ मांडीवर बसून नुसता बोलतो. रेडग्रेव्हच्या कपाळावर घाम असतो, आणि कोण कुणाला बोलायला लावतंय हे कळेनासं होतं. आजवर या सिनेमाबद्दल जे लिहिलं गेलं त्यात बहुतेकांनी पहिला नंबर याच गोष्टीला दिलाय, आणि तो योग्यच आहे.

शेवटचा नंबरही ठरलेला: गोल्फची गोष्ट. भयपटात विनोद कशाला, ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. अमेरिकेत १९४६मध्ये सिनेमा लागला तेव्हा वितरकांनी ही गोष्ट आणि नाताळची गोष्ट सरळ कापून टाकल्या. लांबी कमी झाली, पण एक घोटाळा राहिला. सिनेमाच्या शेवटी क्रेगचं स्वप्न विस्कटतं आणि तो धावत सुटतो तेव्हा त्याला आधीच्या गोष्टींमधली माणसं, जागा, खेळ सगळं पुन्हा भेटतं. नाताळच्या पार्टीतली लपाछपीसुद्धा. अमेरिकन प्रेक्षकांनी ती पार्टी पाहिलेलीच नव्हती. आमच्या धंद्यात याचा वाईट अनुभव असतो. वापरात नसलेला म्हणून कोडचा एक तुकडा काढून टाकावा आणि भलत्याच कोपऱ्यात काहीतरी कोसळावं, कारण तिथून कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

गोल्फची गोष्टही मला तिच्या जागी लागते. आरशाच्या गोष्टीनंतर श्वास सोडायला मिळाला नाही, तर ह्यूगो एवढा खोल शिरला नसता. पण हे माझं मत, आणि हॉस्टेलवरचे मित्र ते मान्य करणार नाहीत.

आता शेवट. ज्यांना पाहायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडावा, पण मग पुढचंही कळणार नाही. क्रेग त्या मानसोपचारतज्ज्ञाचा गळा दाबतो, स्वप्न उलटंपालटं होतं, आणि तो आपल्या घरात अंथरुणावर जागा होतो. स्वप्न आठवत नाही. फोन वाजतो. खेड्यातल्या एका घराच्या दुरुस्तीचं काम आहे, या. बायको म्हणते जाऊन ये, बरं वाटेल. पडद्यावर श्रेयनामावली येते आणि तिच्यामागे तीच गाडी त्याच रस्त्याने त्याच घराशी येते. सिनेमा जिथे सुरू झाला तिथे.

इथे त्या काळची एक सवय लक्षात घ्यायला हवी. ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांत खेळ सलग चालत. तिकीट काढून केव्हाही आत शिरायचं, मधूनच पाहायला लागायचं, आणि आपण आलो तो प्रसंग पुन्हा आला की उठून जायचं. आपल्याकडच्या तीन, सहा, नऊच्या खेळांना सरावलेल्यांना हे विचित्र वाटेल. पण अशा प्रेक्षकाला 'डेड ऑफ नाइट'मधून उठायची जागाच सापडणार नाही. मला वाटतं, चौकटीची ही करामत तेव्हाच्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त अंगाला भिडली असणार.

त्या तिघांपैकी फ्रेड हॉईल तर सिनेमागृहातच वाढलेला. यॉर्कशरमधल्या बिंगली या गावी त्याची आई मूकपटांना पियानोची साथ करायची, आणि वाचायला आपण पडद्यावरच्या पाट्यांवरून शिकलो असं तो सांगत असे. उरलेले दोघे, हर्मन बाँडी आणि टॉमी गोल्ड, व्हिएन्नाचे. हिटलरपासून सुटून ब्रिटनला आलेले आणि तिथे १९४०मध्ये शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून छावणीत डांबले गेलेले. पुढे याच दोघांना ब्रिटिश नौदलाने रडारच्या संशोधनावर घेतलं आणि तिथे हॉईल भेटला. युद्ध संपल्यावर तिघेही केंब्रिजला आले.

हॉईलच्या आठवणीप्रमाणे सिनेमा पाहून ते बाँडीच्या खोलीवर गेले, आणि गोल्डने विचारलं की विश्वच असं असेल तर? नव्याने सुरू न होणारं, न संपणारं?

खरं म्हणजे ही उडी साधी नाही. सिनेमातलं चक्र तेच तेच पुन्हा घडवतं. या तिघांनी मांडलेलं विश्व चक्र नव्हे, प्रवाह आहे. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात, मधल्या जागेत अतिशय सावकाश नवं द्रव्य निर्माण होतं, त्यातून नव्या दीर्घिका बनतात. कुठल्याही क्षणी पाहा, चित्र सरासरीने सारखंच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्समध्ये बॉयलर शिकवतात: एकीकडून पाणी आत, दुसरीकडून वाफ बाहेर, काटे जागचे हलत नाहीत, पण आतला एकही रेणू कायमचा नाही. त्यालाही स्टेडी स्टेटच म्हणतात. सिनेमाने गोल्डला एवढंच दाखवलं की एखादी गोष्ट सतत हलती असू शकते आणि तरी तिला सुरुवात नसू शकते. लागणारं नवं द्रव्य किती? घनमीटरभर जागेत अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखाददुसरा अणू. कुठल्याही प्रयोगशाळेत पकडता न येण्याइतकं.

१९४८मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात दोन निबंध आले, एक बाँडी आणि गोल्ड यांचा, दुसरा हॉईलचा. दोन्हींच्या वाटा वेगळ्या. बाँडी-गोल्ड तत्त्वापासून निघतात: विश्व सगळीकडून सारखं दिसतं तसं सगळ्या काळांतही सारखं दिसायला हवं. हॉईल आइन्स्टाइनच्या समीकरणांत बदल करतो. सिनेमाचा उल्लेख कुठेच नाही. ती हकिगत आली नंतर, आठवणींमधून.

म्हणून तिच्यावर भार किती टाकायचा हे जपून ठरवायला हवं. सिनेमा पाहिला आणि सिद्धांत सुचला, एवढ्यावर गोष्ट सांगितली की टाळ्या मिळतात, पण खरी अडचण झाकली जाते. तेव्हाच्या मोजमापांप्रमाणे विश्वाच्या प्रसरणाचा वेग उलटा मोजत नेला तर विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांच्या आत येत होतं. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने. मूल आईपेक्षा मोठं! सुरुवातच नसली तर ही अडचण उरत नाही. सिनेमा नसता तरी हा पेच होताच, आणि हे तिघेही होतेच. पुढे १९५२मध्ये वॉल्टर बाडने दीर्घिकांची अंतरं दुरुस्त केली, विश्वाचं वय दुप्पट झालं आणि पेच बराच सैल पडला.

सिद्धांतावर हल्ले व्हायला वेळ लागला नाही. केंब्रिजमधलाच मार्टिन राईल रेडिओ स्रोतांची मोजणी घेऊन उभा राहिला, की दूरचं म्हणजेच पूर्वीचं विश्व वेगळं दिसतंय. १९६१मध्ये हा वाद ऐन भरात असताना हॉईलच्या बाजूने उत्तर मांडायला एक तरुण विद्यार्थी होता, जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेला, बनारसहून केंब्रिजला आलेला. त्या मोजणीवर दोघांनी मिळून निबंध लिहिला, १९६४मध्ये दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आला, आणि पुढच्याच वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळालं. नेमक्या त्याच १९६५मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेलं आकाशभरचं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर झालं. विश्व एकेकाळी तप्त आणि दाट होतं याचा तो पुरावा. बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत तिथे सोडला.

हॉईलने सोडला नाही. विरुद्ध बाजूच्या सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव त्यानेच १९४९मध्ये बीबीसीवर बोलताना दिलं होतं. ते चिकटलं आणि त्याचा स्वतःचा सिद्धांत गळून पडला. १९९३मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित मांडणी केली. तिच्यात विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत राहतं, पण त्यावर आकुंचन-प्रसरणाची आवर्तनं असतात, एकेक चाळीस-पन्नास अब्ज वर्षांचं. म्हणजे १९४८च्या निबंधांत नसलेलं चक्र, सिनेमातलं चक्र, पंचेचाळीस वर्षांनी आत शिरलं. हा अर्थातच योगायोग. त्याची कारणं गणितात आणि निरीक्षणांत आहेत. फार थोड्या लोकांनी ही मांडणी स्वीकारली. मलाही पुरावे महास्फोटाच्या बाजूचेच वाटतात. पण पन्नास वर्षं अल्पमतात राहून दर वेळी नवा आकडा आला की पुन्हा हिशेब मांडायला बसणाऱ्या माणसाला हट्टी म्हणावं की प्रामाणिक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्याकडे नारळीकर आधी आले ते गोष्टींमधून. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. 'यक्षांची देणगी' आमच्या शाळेच्या कपाटात होतं. मुलांना ते नुसती सही देत नसत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत. आमच्या बाईंनी वर्गात ही गोष्ट सांगून सगळ्यांना एकेक पोस्टकार्डही वाटलं होतं. मला प्रश्नच सुचला नाही. कार्ड बरेच दिवस भूगोलाच्या वहीत होतं.

'डेड ऑफ नाइट' मी पाहिला तो नोकरी लागल्यावर, आणि त्या तिघांची हकिगत वाचली ती त्यानंतर. तेव्हा पुण्यातच राहत होतो, आयुका तासाभराच्या अंतरावर होती, आणि या वेळी प्रश्न तयार होता: हॉईलने तुम्हाला तो सिनेमा कधी दाखवला का, आणि तुम्हाला कुठली गोष्ट आवडली? पण ऑफिस, डेडलाइन, मग पाहू. २० मे २०२५ला सकाळी मोबाइलवर बातमी आली तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये होतो.