डोक्याचा मार आणि कोर्टाचा निकाल

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे "डोक्याला मार लागला" हे वाक्य आमच्या खानदेशात कुणाला नवीन नाही. मोटारसायकलवरून पडलेला माणूस महिन्याभराने दवाखान्यातून घरी येतो. चालतो, बोलतो, जेवतो. टाके सुकलेले असतात, सीटी स्कॅनमध्येही फारसे काही दिसत नाही. पण घरचे म्हणतात, "तो पहिलासारखा नही ऱ्हायना." बाजारात गेला की काय आणायचे ते विसरतो, पोरांवर उगाच खेकसतो, वर्षानुवर्षे तोंडी केलेला हिशोब आता जमत नाही. मग नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे जातो आणि समोरचा वकील विचारतो, हे खरे कशावरून? पैशासाठी सोंग नसेल कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र आहे. मेंदूला इजा झाल्यावर स्मरण, लक्ष, भाषा, विचार यांपैकी नेमके काय बिघडले हे क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजी शोधते, आणि हेच काम न्यायालयासाठी केले की ती फोरेन्सिक न्यूरोसायकॉलॉजी. अमेरिकेत १९९७ साली ह्यूस्टनला या विषयातल्या लोकांची एक परिषद भरली. तिथे ठरलेल्या आराखड्याप्रमाणे डॉक्टरेट झाल्यावरही आणखी दोन वर्षे जाणत्यांच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. पीएचडीनंतर पुन्हा दोन वर्षे कशाला, असे कुणालाही वाटेल. मला दोन उदाहरणांवरून त्याचे कारण थोडेफार कळले.

पहिले सोंगाचे. माणसाला ५० चित्रे दाखवतात. मग प्रत्येक वेळी दोन चित्रे पुढे ठेवून विचारतात, यातले आधी कुठले पाहिले होते? ज्याला काहीच आठवत नाही, तोही नुसत्या अंदाजाने २५ च्या आसपास बरोबर सांगेल. पण एखाद्याची १० च बरोबर आली तर? नशीब इतके फुटके सहसा नसते. बहुधा त्याला बरोबर उत्तर ठाऊक आहे आणि तो ते मुद्दाम टाळतो आहे.

दुसरे उदाहरण या शास्त्राचा एक आद्यपुरुष अलेक्झांडर लुरिया याचे. १९३१-३२ मध्ये तो उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांमध्ये गेला. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका, यातले वेगळे कुठले, असे त्याने विचारले. शाळेत गेलेला माणूस म्हणेल ओंडका, कारण बाकीची अवजारे. शेतकरी म्हणाले, वेगळे काहीच नाही. लाकूडच नसेल तर करवत घेऊन करायचे काय? शहरी फूटपट्टी लावली तर हे उत्तर चूक ठरते. चोपडा किंवा साक्री तालुक्यातल्या कधी शाळेत न गेलेल्या शेतकऱ्याला हाच प्रश्न विचारून पाहा, तोही कदाचित तसेच सांगेल. त्यावरून त्याच्या मेंदूला इजा झाली असे लिहिणारा तज्ज्ञ त्याच्यावर अन्यायच करील. पहिले उदाहरण पुस्तकातून शिकता येते, दुसऱ्यासाठी उमेदवारी लागते.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात तशी लवकर झाली. बंगळूरला १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, १९७४ मध्ये तिचे निमहान्स झाले. तिथे न्यूरोसायकॉलॉजी रुजली आणि २००४ मध्ये वय, लिंग, शिक्षण पाहून गुण ताडणारा, भारतीय माणसांवर बेतलेला चाचण्यांचा संच निघाला. हे काम संथ आणि न गाजणारे होते. गाजले ते यंत्र.

निमहान्समध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीचे प्रमुख राहिलेले चंपाडी रामन मुकुंदन यांनी एक तपासणी विकसित केली. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवायची आणि त्याला गुन्ह्याबद्दलची "मी अमुक केले" अशी वाक्ये ऐकवायची. त्याने तोंडातून अवाक्षरही काढायचे नाही. ती गोष्ट त्याने प्रत्यक्ष अनुभवली आहे की नुसती ऐकली आहे, हे मेंदूच्या लहरींवरून कळते असा दावा होता. पुण्यातल्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात एमबीएच्या विद्यार्थिनीची अशी तपासणी झाली, आणि जून २००८ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप देताना इतर पुराव्यांबरोबर तिचाही आधार घेतला. त्याच वर्षी निमहान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत शास्त्रीय नाही असे सांगितले. त्या मुलीला पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. शेवटी ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी तपासणी कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, आणि तोंड बंद ठेवून दिलेली साक्षही साक्षच.

मला या इतिहासात यंत्रापेक्षा आपली घाई जास्त दिसते. यंत्र विकत घेता येते, माणूस घडवायला वर्षे जातात, म्हणून आपण यंत्र आधी आणले. महाराष्ट्रातली ब्रिटिश काळापासूनची चार मोठी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशाच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही. मनाच्या दुखण्यासाठी घाट उतरून ठाण्याला जायचे, ही इथल्या अनेक घरांची जुनी वहिवाट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला कायद्यात जागा दिली, हे चांगलेच झाले. पण धुळ्या-जळगावच्या कोर्टात उभा राहणारा तज्ज्ञ अहिराणी नाहीतर तावडी समजणारा हवा. आठवण्यासाठी शब्दांची यादी वाचून दाखवताना समोरच्याला ते शब्दच परके आहेत का, हे त्याला कळायला हवे. आणि "एवढ्या तपासणीवरून मला काही सांगता येत नाही" असे न्यायाधीशांना सांगण्याची हिंमत त्याच्यात हवी. माझ्या समजुतीप्रमाणे ती दोन वर्षांची उमेदवारी मुख्यतः हे एक वाक्य शिकण्यासाठी असते. त्या टोपीला ते कधी बोलता आले नसते.