सर्व्हिसला उत्तर देणारं रबर

आज वांद्र्यात आपण एका रबराविषयी बोलायला जमलो आहोत, तर सुरुवातही मुंबईतूनच करू. इथून लोकलनं चर्चगेटला उतरलं की ब्रेबॉर्न स्टेडियम चालत काही मिनिटांवर आहे. आपल्याला ते क्रिकेटमुळे माहीत. पण फेब्रुवारी १९५२ मध्ये तिथं टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती. आशियात भरलेली ती पहिलीच.

जपान त्या वर्षी या स्पर्धेत प्रथमच उतरला. त्यांचा हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा खेळाडू एक निराळी बॅट घेऊन आला. लाकडावर नुसता जाड स्पंज. तोवर बहुतेक जण आखूड पिंपल्सचं साधं रबर वापरायचे. त्यावर चेंडू टक-टक वाजायचा आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज यायचा. सातोच्या स्पंजनं तो आवाजच गिळून टाकला. अमेरिकेचा मार्टी रीझमन हरला, अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोचियान हरला. सातो पुरुष एकेरीतला पहिला आशियाई विश्वविजेता झाला. रीझमन तर पुढे आयुष्यभर स्पंजच्या विरोधात बोलत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, विषय लांब पिंपल्सचा आणि हे स्पंजचं काय? संबंध आहे. मुंबईनंतर स्पंज सगळीकडे पसरला. त्यावर रबर चिकटवलं की चेंडूला जबरदस्त फिरकी देता येते, हे खेळाडूंच्या लक्षात आलं. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं नुसत्या स्पंजवर बंदी घातली, पण रबर लावलेला स्पंज, एकूण जाडी ४ मिलिमीटरपर्यंत, चालेल असं ठरवलं. इथून सर्व्हिस हे शस्त्र बनलं. बघा, खेळातला हा एकच फटका असा आहे की त्यात समोरच्याचा काही हात नसतो. करणारा हवी तेवढी फिरकी भरतो आणि घेणाऱ्यानं ती ओळखायची.

या शस्त्राला एक उत्तर मिळालं लांब पिंपल्सच्या रबरात. १९६३ च्या प्राग स्पर्धेत चीनच्या झांग शिएलिननं या रबरानं चॉप करून जपानी खेळाडूंना हैराण केलं.

हे रबर नेमकं करतं काय? समजा, समोरून बॅकस्पिन सर्व्हिस आली. साधं रबर चेंडू पकडतं, म्हणून बॅट थोडी उघडून पुश करावा लागतो, नाहीतर चेंडू नेटमध्ये. लांब पिंपल्स मात्र वाकतात, चेंडू त्यांच्यावरून निसटतो आणि त्याची फिरकी बरीचशी तशीच राहते. चेंडूची दिशा उलटते, फिरणं उलटत नाही. त्यामुळे सर्व्हिस करणाऱ्याकडे परत पोचताना त्याचाच बॅकस्पिन टॉपस्पिन झालेला असतो! त्याला दिसतो पुश, तोही सवयीनं पुश करतो आणि चेंडू उंच उडतो. टॉपस्पिन सर्व्हिस दिली तर बॅकस्पिन होऊन परत येते.

म्हणजे हे रबर स्वतःची फिरकी फारशी देत नाही, आलेली परत करतं. म्हणूनच अनुभवी खेळाडू त्याच्यावर फिरकी नसलेली लांब सर्व्हिस टाकतात. परत द्यायला काही उरतच नाही. मग घेणाऱ्याला स्वतः फटका घडवावा लागतो, नाहीतर बॅट हातात फिरवून दुसऱ्या बाजूनं खेळावं लागतं. तेव्हा ‘बॅट पुढे धरली की झालं’ हा समज चुकीचा. आलेली सर्व्हिस त्यालाही वाचावीच लागते, कारण आपण काय परत पाठवतोय हे माहीत नसेल तर पुढचा चेंडू कसा घेणार?

खरा वाद पेटला सत्तरच्या दशकात. बॅटच्या एका बाजूला साधं रबर, दुसरीकडे लांब पिंपल्स किंवा अँटिस्पिन, आणि दोन्हींचा रंग एकच! खेळताना बॅट फिरवली की समोरच्याला कुठली बाजू लागली ते कळेना. महासंघानं यावर काय केलं, ते महत्त्वाचं आहे. रबर बाद केलं नाही. १९८३ मध्ये दोन बाजूंना दोन वेगळे रंग आणि १९८६ मध्ये एक लाल, एक काळी, असा नियम आला. २००२ मध्ये सर्व्हिस करताना चेंडू शरीराआड लपवायला मनाई झाली. दोन्ही नियमांचं तत्त्व एकच: अवघड खेळा, पण लपवू नका. मर्यादाही आल्या. १९९९ मध्ये पिंपल्सची उंची त्यांच्या जाडीच्या १.१ पटीपर्यंत आणली गेली, आणि २००८ मध्ये अगदी गुळगुळीत, घर्षण नसलेले पिंपल्स बाद झाले.

भारतीय मुलींनी या चौकटीत राहूनच नाव काढलं. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्रानं बॅकहँडच्या लांब पिंपल्सनं सिंगापूरच्या फेंग तियानवेईला नमवलं आणि एकेरीचं सुवर्ण जिंकलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला अयहिका मुखर्जीनं अँटिस्पिनच्या साथीनं जगात अव्वल असलेल्या सुन यिंगशाला हरवलं. तरीही आपल्याकडे क्लबात अशा बॅटवाल्या मुलीबरोबर सराव करायला नाक मुरडणारे असतात. ‘ही बॅट जिंकते, पोरगी नाही,’ असं ऐकू येतं.

सातोच्या वेळी आवाज हरवला होता आणि ऐकणाऱ्याकडे इलाज नव्हता, ती तक्रार मला समजते. आज रंग समोर दिसतो. सामन्याआधी बॅट हातात घेऊन तपासायचा हक्क नियमानंच दिला आहे. तेव्हा अशी बॅट समोर आली की तक्रार करण्याऐवजी त्या मुलीला आठवड्यातून दोनदा सरावाला बोलवा. बॅकस्पिन द्या, मग तशाच हाताच्या हालचालीनं फिरकीशिवाय द्या आणि परत काय येतं ते बघा. महिन्याभरात तिच्या रबराचं गूढ संपेल. मग उरेल तो तिचा खेळ, आणि तो चांगला असेल तर ती तुम्हाला तरीही हरवेल.