तळटीप : स्लेजचे कुत्रे आणि सील
* स्लेज ओढणारे कुत्रे आता अंटार्क्टिकात दिसत नाहीत. माद्रिद करारानुसार १ एप्रिल १९९४ पर्यंत ते सगळे तिथून हलवावे लागले. कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सीलना लागेल, ही त्यामागची एक मोठी भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. १९८८ मध्ये उत्तर समुद्रात याच विषाणूच्या जवळच्या भाईबंदाने हजारो सील दगावले. पुढे ग्रीनलंडच्या सीलांचे साथीआधीच घेतलेले रक्ताचे नमुने तपासले, तर त्यांतही प्रतिपिंडे निघाली. म्हणजे उत्तरेकडे तो विषाणू आधीपासून वावरत होता. असे जुने नमुने जपून ठेवणाऱ्यांचे ऋण फार मोठे आहे. दक्षिणेकडे मात्र कुत्रे गेल्यावरही इतर प्राण्यांचे रोग सीलना लागण्याचा धोका संपला नाही : जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या हत्ती-सीलांत एच५एन१ बर्ड फ्लू आढळला. – संपादक