पुरेसं म्हणजे किती? अकरा किलोच्या कॉम्प्युटरपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत

एप्रिल १९८१. सॅन फ्रान्सिस्कोला वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरला होता. तिथे शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसणारा एक डबा मांडला होता. झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूला कीबोर्ड, आणि समोर पाच इंची स्क्रीन. वजन सुमारे ११ किलो. आत बॅटरी नाही, त्यामुळे भिंतीतला प्लग शोधायचा. तरी विमानात सीटखाली मावायचा, म्हणून तो ‘पोर्टेबल’. नाव ऑस्बर्न १, किंमत १,७९५ डॉलर.

हा बनवणारा ॲडम ऑस्बर्न जन्मला बँकॉकमध्ये, पण त्याचं बालपण गेलं तमिळनाडूत. वडील आर्थर ऑस्बर्न रमण महर्षींचे अनुयायी, त्यामुळे घर तिरुवन्नामलैला. पुढे अमेरिकेत जाऊन तो कॉम्प्युटरवरची पुस्तकं लिहू आणि छापू लागला. यंत्राबद्दल त्याचं म्हणणं साधं होतं: पुरेसं असलं की झालं, त्यापलीकडचं सगळं बिनकामाचं.

ऑस्बर्न १ मध्ये नवा शोध असा कुठलाच नव्हता. बाजारात मिळणारे सुटे भाग त्याने एका पेटीत बसवले आणि वर वर्डस्टार, सुपरकॅल्क ही सॉफ्टवेअर त्याच किमतीत दिली. ती वेगळी घेतली असती तर जवळपास कॉम्प्युटरएवढेच पैसे गेले असते. लिहायचं, हिशेब करायचा आणि उचलून न्यायचं, एवढ्यासाठी यंत्र पुरेसं होतं. एका टप्प्यावर महिन्याला सुमारे १०,००० डबे विकले जात होते.

मग ‘पुरेसं’ची रेघ सरकली. १९८२मध्ये केप्रो नावाच्या कंपनीने १,५९५ डॉलरला नऊ इंची स्क्रीनचा कॉम्प्युटर आणला. पाच इंचांत डोळे ताणणाऱ्यांना फरक लगेच दिसला. पाठोपाठ आयबीएमची सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्पॅक पोर्टेबल आला. ऑस्बर्नने आपल्या पुढच्या मॉडेलची चर्चा आधीच सुरू केली, दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डर थांबवल्या आणि सप्टेंबर १९८३मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नव्याची घोषणा करून जुन्याची विक्री मारण्याला आजही ‘ऑस्बर्न इफेक्ट’ म्हणतात. कंपनी खरंच त्यामुळे बुडाली की ढिसाळ कारभारामुळे, यावर वाद आहे.

लॅपटॉप घेणाऱ्याला हा इफेक्ट उलट्या बाजूने गाठतो. ‘दोन महिन्यांत नवी चिप येतेय, थांब’ असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. तो बहुधा खरंच बोलतो, कारण नवी चिप कायमच येत असते. थांबायचं की नाही हे तुमचं काम कधी सुरू होतंय त्यावर ठरवा.

आता व्हिडिओकडे येऊ. फुल एचडी व्हिडिओतली एकच फ्रेम घ्या. १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. प्रत्येकाला ३ बाइट धरले तर ६२ लाख बाइट. ऑस्बर्न १ची मेमरी होती ६४ किलोबाइट. म्हणजे एक फ्रेम पूर्ण उलगडून ठेवायला असे ९५ डबे लागले असते. फोरकेमध्ये याच्या चौपट, आणि सेकंदाला अशा २५-३० फ्रेम.

फोन हे सगळं दाबून साठवतो. काही फ्रेम पूर्ण ठेवतो, बाकीच्यांत शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहितो. फाइल लहान होते, पण एडिट करताना तुम्ही टाइमलाइनवर मागे सरकलात की मधली फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला आजूबाजूच्या फ्रेमवरून ती पुन्हा बांधावी लागते. लॅपटॉप अडखळतो तो बऱ्याचदा इथे.

ही अडचण नवी वाटते, पण तिच्यावरचा उपाय फिल्मच्या काळापासून आहे. एडिटर तेव्हाही मूळ मालाला हात लावत नसत. निगेटिव्ह सुरक्षित ठेवायचं, त्याची ‘रश प्रिंट’ काढायची, ती कापायची-जोडायची आणि शेवटी त्याबरहुकूम निगेटिव्ह कापायचं. १९८९मध्ये ॲव्हिडने कॉम्प्युटरवरचं एडिटिंग बाजारात आणलं, तेव्हा डिस्क इतक्या लहान होत्या की चित्रं धूसर प्रतीतच साठवावी लागत. वॉल्टर मर्चने ‘द इंग्लिश पेशंट’ ॲव्हिडवर पूर्ण केला आणि एडिटिंगचं ऑस्कर मिळवलं. डिजिटल एडिट झालेल्या सिनेमाला ते पहिल्यांदाच मिळालं. कुठला शॉट किती वेळ धरायचा, हे ठरवायला ते चित्र पुरेसं होतं.

आजच्या एडिटिंग ॲपमध्ये याच युक्तीला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. मूळ क्लिपची हलकी प्रत बनवायची, तिच्यावर काम करायचं, एक्सपोर्ट करताना ॲप आपोआप मूळ फाइल उचलतं. हे माहीत असेल तर मधल्या किमतीचा लॅपटॉपही फोरके पेलतो. माहीत नसेल तर दुकानदार तुम्हाला दीडपट महाग मशीन सहज पटवू शकतो. घरच्यांनी दिलेले किंवा क्लास घेऊन साठवलेले पैसे असतील, वर वर्षभराचा हप्ता असेल, तेव्हा ही माहिती स्वस्त नसते.

मग पैसे कुठे घालायचे? आधी तिथे, जिथे नंतर बदल करता येत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा बोर्डवरच जोडलेली असते, नंतर वाढत नाही. ऑस्बर्न एका वेळी एकच प्रोग्राम चालवायचा. तुमच्याकडे एडिटिंग ॲप, ब्राउझरचे वीस टॅब आणि गाणी एकत्र चालतात. म्हणून १६ जीबीच्या खाली जाऊ नका. स्टोरेजला मात्र बाहेरून एसएसडी जोडता येते.

स्क्रीनही बदलता येत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं तर रंग फिके दिसणार. त्यावर बघून केलेलं कलर करेक्शन दुसऱ्या स्क्रीनवर भडक निघेल. ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधा. केप्रोने बाजार खाल्ला तो स्क्रीनवरच.

प्रोसेसरच्या नावापेक्षा तो तुमच्या कॅमेऱ्याचा फॉरमॅट थेट उलगडतो का ते बघा. इंटेलने २०११मध्ये चिपमध्येच व्हिडिओसाठी वेगळा भाग दिला, आता तो जवळपास सगळ्यांकडे असतो, पण प्रत्येक फॉरमॅट प्रत्येक चिपला जमत नाही.

शेवटी उष्णता. २०२०चा एम१ मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालतो. छोट्या रीलला उत्तम, लांब एक्सपोर्टला तापून मंदावतो. पातळ विंडोज लॅपटॉपही तापले की वेग कमी करतात. रिव्ह्यूमध्ये पहिल्या मिनिटाचा आकडा सोडा, अर्ध्या तासानंतरचा बघा. आणि वजन मोजताना चार्जर धरून मोजा.

यादी करायला बसाल तेव्हा मॉडेलच्या नावांआधी दोन ओळी लिहा: मी कशावर शूट करतो, आणि माझा सर्वांत लांब व्हिडिओ किती मिनिटांचा असतो. ‘पुरेसं’ म्हणजे किती, याचं उत्तर त्या दोन ओळींत आहे.